हे बरं, की हे?

"ऊब," मामा म्हणाला. "आवाजाला ऊब आहे बघा, मिलिंदराव. कळतेय?"

एप्रिलातली सांगली. खिडक्या बंद, कारण रस्त्यावरचा आवाज आत येतो. पंखा बंद, कारण त्याच्या घरघरीनं गाणं नासतं. ऊब कळत नाही असं त्या हॉलमध्ये कुणीच नव्हतं. बाबांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता आणि आई लसूण सोलता सोलता मधेच वर्तमानपत्रानं वारा घेत होती.

"कळतेय," बाबा म्हणाले.

"आणि तो तुमचा डबा लावला की? कोरडं. एकदम कोरडं ठक्क."

मामाचा मुद्दा टीपॉयवर होता. तिथं दोन प्रीअँप शेजारी शेजारी बसले होते, एकाच मुलीला सांगून आलेल्या दोन स्थळांसारखे. प्रीअँप म्हणजे काय हे मलाही तेव्हा नुकतंच कळलं होतं. सीडी प्लेअरमधून निघालेलं गाणं मोठ्या अँप्लिफायरकडे आणि तिथून स्पीकरकडे जातं. पण त्याआधी त्याला एका डब्यातून जावं लागतं. लग्नाच्या हॉलच्या दारात अत्तर लावून, गुलाबपाणी शिंपडून आत सोडतात ना, तसं तिथं गाण्याचं होतं. हल्ली हे काम चिमुकल्या चिपा करतात, पण शौकीन लोकांना त्यासाठी जुन्या काचेच्या नळ्याच लागतात, देवघरातल्या लाल बल्बसारख्या तांबूस पेटणाऱ्या. मामा त्यांना ट्यूब म्हणतो. बाबा व्हॉल्व्ह म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दोघांपैकी एक सोनेरी. तो मामानं पुण्याहून गाडीत सीटबेल्ट लावून आणला होता. पुढं काचेची खिडकी, आत नळ्यांचा झगमगाट, आणि नाव असं की उच्चारताना जिभेला घाट चढावा लागतो. दुसरा राखाडी. धारवाडचा एक माणूस असले डबे घरी हातानं बनवतो, त्याच्याकडून बाबांनी तो एसटीनं मांडीवर घेऊन आणला होता. दिसायला मेसच्या डब्यासारखा, वर दोन नळ्या उघड्या. दोन्ही स्थळं सारखीच महाग, दोन्ही नुसती ऐकून बघायला आलेली. एक ठेवायचं, एक परत. मामा दुपारी पुण्याला निघणार होता, तोवर ठरवायचं होतं.

बाबांना राखाडी आवडला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आदल्या रात्री त्यांनी मला बोलावून तोच तोच आलाप परत परत ऐकवला. "गाणारी बाई सा लावायच्या आधी तिच्या बांगड्या किणकिणतात, ऐकलंस? एवढी वर्षं ही सीडी ऐकतोय, पण ती हातात बांगड्या घालून गायला बसलीय हे मला आज कळलं." आणि ते हसले, मला चॉकलेट मिळाल्यावर मी हसायचे तसं. कॉलेजात असल्यापासून त्यांना व्हॉल्व्हवाला प्रीअँप हवा होता.

पण मामा सोनेरी म्हणाला होता. आणि आमच्या घरात सगळं मामानं निवडलेलं आहे. सोफा मामानं निवडला. तो दारातून आत येईना, म्हणून बाल्कनीचं ग्रिल कापावं लागलं. पडदे मामाचे, फ्रिज मामाचा. माझं नावसुद्धा मामानंच निवडलंय, ऋतंभरा. हजेरी घेताना नव्या बाई तिथं येऊन थांबतात आणि आधी मोठा श्वास घेतात. बाबा मात्र मला भिंगरी म्हणतात. एक तर मी एका जागी ठरत नाही, आणि दुसरं म्हणजे आमचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणजे भिंगांचंच.

असं का, तर मामा आईचा मोठा भाऊ, आणि बाबांना मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नाही. त्यांच्याकडे फक्त एक शब्द आहे, "बघू". इतरांच्या घरी "बघू" म्हणजे नाही. आमच्या बाबांनी मामाला म्हटलेलं "बघू" म्हणजे हो. सोफ्याला ते "बघू" म्हणाले होते. ग्रिललाही.

आणि त्या सकाळी पोहे खाताना मामा म्हणाला, "नववीपासून ऋतंभराला पुण्याला आणा. आमची वरची खोली रिकामीच आहे. तिथल्या शाळेत मी बोलून ठेवलंय."

बाबांनी लिंबू पिळलं, बी काढली, बशीच्या काठावर ठेवली आणि म्हणाले, "बघू."

मी पोह्यांतली मिरची चावली. मला जायचं नव्हतं. माझी खो-खोची टीम इथं होती, आणि पोल मारायला, म्हणजे खांबाला धरून झेपावत गडी टिपायला, मी तेव्हा नुकतीच शिकले होते. दुकानात काउंटरमागची उंच खुर्ची माझी होती. मला कुणी विचारलं असतं तर मी हे सगळं सांगितलं असतं, पण ज्याचं त्याला विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

त्यामुळे सोनेरी की राखाडी याच्याशी माझं काही देणंघेणं नसूनही सगळ्यात जास्त देणंघेणं मलाच होतं. ज्या माणसाला एका डब्याबद्दल नाही म्हणता येत नाही, तो माझ्याबद्दल काय म्हणणार? बाबांना आधी छोटं नाही म्हणायला लावायला हवं होतं. पोहायला शिकवताना आधी नाक बुडवायला लावतात तसं.

आता बाबांची दुकानातली एक युक्ती सांगते. गिऱ्हाईकाला ते ती जड गोल फ्रेम घालतात, तिच्यात एक एक काच सरकवतात आणि विचारतात, "हे बरं, की हे? पहिलं, की दुसरं?" काही गिऱ्हाइकं फार हुशार असतात. डॉक्टरांना खूश करायचं असल्यासारखं प्रत्येक नव्या काचेला "हां, आता एकदम क्लिअर" म्हणतात. असं वाटलं की बाबा काच काढतात, कट्ट असा आवाज करतात आणि तीच काच परत घालतात. "आता?" गिऱ्हाईक म्हणतं, "आता काय, झकास." मग बाबा हसत नाहीत, काही बोलत नाहीत. नुसतं पहिल्यापासून सुरू करतात. मी एकदा विचारलं होतं, त्याला सांगायचं का नाही म्हणून. तर म्हणाले, "गिऱ्हाईकाला कधी सांगायचं नाही, भिंगरी. डोळे दिलेत त्यानं आपल्या हातात."

तर मी म्हटलं, "मामा, डोळे बांधून ओळखशील?"

"झोपेत ओळखीन."

"झोपू नकोस. आईची ओढणी बांधते."

"बांध की. मिलिंदराव, बघाच आता तुम्ही."

आईनं लसणावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते तिचं 'काय शिजतंय' असं बघणं होतं. मी तिच्या खांद्यावरची ओढणी काढून घेतली आणि मामाच्या डोळ्यांवर दोन वेढे देऊन मागं घट्ट गाठ मारली. मामा त्याच्याच सोफ्यावर ताठ बसला. बाबांनीही, पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून असेल, डोळे मिटून घेतले.

वायर बदलायचं मला बाबांनीच शिकवलं होतं. आधी मोठा अँप्लिफायर बंद करायचा, खट्ट. मग एका डब्याची वायर काढून दुसऱ्याला लावायची. मग अँप्लिफायर चालू, खट्ट. मी टीपॉयमागं जाऊन बसले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर पायाच्या अंगठ्यानं सोनेरीच्या मागचा स्विच खाली केला. त्याच्या खिडकीतला झगमगाट हळूहळू विझला. मग वायर राखाडीला लावली. मी ती तिथंच राहू दिली.

"पहिलं," मी म्हटलं आणि आलाप लावला.

मामानं मान वाकडी केली. "हं. हा डबा. कोरडा आहे. हवाच नाही त्यात."

खट्ट. मी दहा बोटं हवेत नाचवली. खट्ट. "दुसरं."

"अहाहा." मामा सोफ्यात रेलला. "आला. आला राजा. ही बघा ऊब. बाई समोर बसून गातेय."

बाई त्याच राखाडी डब्यातून गात होती. मी ओठ दातांत धरले.

"तिसरं."

"परत डबा. कान सोलून काढतो हो."

त्याच वेळी मी बाबांकडे बघितलं, आणि बाबांचे डोळे उघडे होते.

ते आधी माझ्याकडे बघत होते. मग वायरकडे. मग सोनेरीच्या काळ्याकुट्ट खिडकीकडे. मग परत माझ्याकडे. आता संपलं, असं मला वाटलं. बाबांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात बेल वाजली. आईनं दार उघडलं, तर बी विंगच्या तळमजल्यावरच्या घोरपडे काकू. त्यांच्या हातात रिकामी बादली होती. काही भरायला नव्हती आणली, पुरावा म्हणून आणली होती. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि बी विंगच्या टाकीचा व्हॉल्व्ह दोन महिने अडकून बसला होता.

"सेक्रेटरी, व्हॉल्व्ह आले म्हणं? वॉचमन सांगत होता, साहेबांनी स्वतः मांडीवर घेऊन आणलेत."

"ते वेगळे व्हॉल्व्ह, काकू," बाबा म्हणाले.

"वेगळे कसले ओ? आमच्यात नळाला थेंब नाही." काकूंची नजर मामावर गेली. "ह्यांचं डोळं आलंय काय?"

"दादा गाणं ऐकतोय," आई म्हणाली.

"असं होय." काकू टीपॉयपाशी आल्या, वाकल्या, आधी राखाडीकडे बघितलं, मग सोनेरीच्या खिडकीला नाक लावून आत बघितलं. "हेच काय तुमचं व्हॉल्व्ह? ह्यातला एक तर बंदच आहे की."

आलाप चालूच होता.

"काय बंद आहे?" ओढणीतून मामानं विचारलं.

मी टीपॉयमागं आणखी खाली वाकले. परत लसणापाशी बसलेल्या आईचा हात थांबला. बाबांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि नाकावरचा घाम पुसला.

"टाकीचा व्हॉल्व्ह, विद्याधरराव," बाबा म्हणाले. "बी विंगचा. दोन महिने झाले."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "नुसता शोभेला ठेवलाय. बाहेरनं चकाचक, आत कोरडा ठणठणीत."

"मग बदला तो," मामा म्हणाला. "असल्या गोष्टी लगेच बदलाव्यात, मिलिंदराव."

"बदलायचाच विचार आहे," बाबा म्हणाले.

आईला अचानक ठसका लागला. ती काकूंना ताक द्यायला म्हणून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिथून तिच्या खोकण्याचा आवाज येत राहिला. खोकलाच होता की काय, देव जाणे.

आणि मग बाबांनी मला थांबवलं नाही. ते खुर्ची पुढं ओढून मामाच्या समोर बसले, दुकानात गिऱ्हाईकासमोर बसतात तसे, गुडघ्याला गुडघा लावून. आवाजही दुकानातला, तुपासारखा.

"विद्याधरराव, शेवटचं एकदा. घाई नको. हे बरं..." त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. खट्ट, खट्ट. "...की हे?"

"दुसरं," मामा म्हणाला. "हज्जारदा दुसरं."

"आणि आता? पहिलं..." खट्ट, खट्ट. "...की दुसरं?"

"आता पहिलं. फसवायला बघता काय मला? माझ्या कानांना फसवणारा अजून जन्माला यायचाय."

"तसं नाही हो," बाबा म्हणाले.

काकू ताक पिऊन, "संध्याकाळपर्यंत पाणी आलं पाहिजे" असं बजावून गेल्या. मामा ओढणी सोडायला मागं हात नेऊ लागला, तेव्हा मला आठवलं की सोनेरी अजून बंद आहे. मी अंगठ्यानं स्विच वर केला. पण व्हॉल्व्ह काही ट्यूबलाइट नव्हेत. ते आधी काळे, मग तपकिरी, मग कुठं तांबूस.

"थांबा, थांबा, गाठ निरगाठ झालीय," बाबा म्हणाले आणि मामाच्या मागं जाऊन उभे राहिले. मी कसलीही निरगाठ मारली नव्हती. ते गाठीवर नुसती बोटं फिरवत होते आणि डोळे खिडकीवर. "ही पोरगी ना. गाठ मारते की कुलूप लावते."

"कापा," मामा म्हणाला.

"नवी ओढणी आहे, मेघा ओरडेल." खिडकी तपकिरी झाली. "आलं, आलं. एक पदर सुटला." खिडकी तांबूस झाली. "सुटली."

मामानं डोळे चोळले, दोन्ही पेटलेल्या डब्यांकडे बघितलं आणि असा हसला, जसा शर्यतीत पहिला आलेला घोडा हसेल.

"काय? प्रत्येक वेळी ओळखला की नाही? संपला विषय. सोनेरीच ठेवा."

आणि तेव्हा मला कळलं की मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. माझ्या हिशोबानं मामाची फजिती होणार होती, तर मामा आणखीनच बरोबर ठरला होता. खरं सांगावं तर आईच्या समोर तिच्या मोठ्या भावाचं हसं. न सांगावं तर सोनेरी घरात आणि मी पुण्यात.

"बघू," बाबा म्हणाले.

संपलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. खो-खोचे बूट न्यायचे की नाही, इथवर आले होते.

पण बाबा उठले आणि खरोखरच बघायला लागले. टीपॉयपाशी उकिडवे बसले. सोनेरीला बघितलं, राखाडीला बघितलं. मग शर्टाच्या खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं आणि राखाडीच्या डोक्यावरची धूळ पुसली, गिऱ्हाईकाच्या हातात द्यायच्या आधी चष्मा पुसतात तशी.

"मी हा ठेवतो, विद्याधरराव."

मामाला आधी वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. कान चांगला असूनही. "हा? अहो, आत्ता इतक्या वेळा सिद्ध झालं."

"झालं ना. तुम्हाला तो आवडला. मला हा आवडतोय."

"पण का?"

"का ते नाही सांगता येणार."

"मिलिंदराव, राग मानू नका, पण तुमचा कान अजून तयार नाही."

"नसेलही," बाबा म्हणाले. "पण ऐकायचं त्यालाच आहे."

ते हळू आवाजात म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांचेच कान लाल झाले. मामानं आईकडे बघितलं. असं काही झालं की मामा आईकडे बघतो, आणि आई म्हणते, "दादा म्हणतोय तर..." आईनं सोललेला लसूण वाटीत गोळा केला. सालं कागदात गुंडाळली.

"मग पुण्याचंही जिला जायचंय तिलाच विचारा," ती म्हणाली.

"मेघा, तू यात मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे, दादा. तुझी बहीण आणि हिची आई."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज परत दुकानातला झाला होता, पण जरासा कापरा.

"भिंगरी. इथं बरं, की पुण्यात?"

"इथं," मी म्हटलं.

"परत दाखवू?"

"नको. स्पष्ट दिसतंय."

जेवताना मामा फक्त आमटीत गूळ कमी आहे म्हणाला, आणि आईनं त्याला आणखी गूळ वाढला. दुपारी सोनेरीला सीटबेल्ट लावून तो पुण्याला गेला. आठ-पंधरा दिवसांनी कळलं की त्यानं तो परत केलाच नाही, स्वतःच घेतला. आता त्याच्याकडे कुणीही गेलं की तो आधी प्रीअँप दाखवतो आणि मग सांगतो, "मी हा डोळे बांधून ओळखलाय. साक्षीदार आहेत." साक्षीदार म्हणजे आम्ही. आम्ही माना डोलावतो. बी विंगचा व्हॉल्व्हही बाबांनी त्याच आठवड्यात बदलून घेतला. काकूंना अजून वाटतं की तो मांडीवर आणलेलाच बसवला.

त्या संध्याकाळी बाबा दिवे न लावता राखाडीसमोर बसले होते. खिडक्या उघड्या, पंखा चालू. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले.

"रागावलात?"

"कशाला?"

"तुमची युक्ती तुमच्याच मेव्हण्यावर वापरली."

"हं." आलाप सुरू झाला. बांगड्या वाजल्या. "एक सांगू? कुणाला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"तुझ्या पहिल्या दोन फेऱ्यांना मीही डोळे मिटले होते."

"मग?"

बाबांनी आवाज थोडा कमी केला. "दुसऱ्या वेळी मला बांगड्या जास्त चांगल्या ऐकू आल्या."

आधी मला हसू आलं, मग त्यांना, आणि मग आम्हाला थांबताच येईना. आई बाहेर येऊन काय झालं विचारू लागली तरी दोघांनाही सांगता येईना.

"म्हणजे तुम्हालाही कळत नाही तर," मी शेवटी म्हटलं.

"नाही बहुतेक."

"मग राखाडीच का ठेवलात?"

"अगं, आवडला."

आता मी दहावीत आहे. सांगलीतच. टीमची कप्तान आहे, आणि हजेरीच्या वेळी बाईंनी श्वास घ्यायच्या आधीच मी "हजर" म्हणते. गेल्या आठवड्यात दुकानात बाबांना मामाचा फोन आला. मी काउंटरमागच्या खुर्चीवर गणितं सोडवत होते. मामाचा आवाज फोनमधून बाहेर सांडतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. अकरावीला तरी पुण्याला आणा, वरची खोली अजून रिकामी आहे, मी कॉलेजात बोलून ठेवलंय. आणि गंमत म्हणजे या वेळी ते कॉलेज काही वाईट नव्हतं. मी स्वतःच त्याची माहिती काढून ठेवली होती, घरी न सांगता.

"बघू," बाबा म्हणाले. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले. चष्मा नाकावर खाली घेतला.

"हे बरं, की हे?"

मी पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे मिटले. घाई काय होती.

"पहिलं परत एकदा दाखवा," मी म्हटलं.

बाबांनी फोन कानाला लावला. "थांबावं लागेल, विद्याधरराव. गिऱ्हाईक चोखंदळ आहे."